जो जिंकेल त्याच्या मागे: एफए कपच्या १४ फेऱ्या आणि हॉस्पिससाठी निधी

पायवाट (धागाकर्ता)

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आणि फुटबॉल पाहणाऱ्या सभासदांचा सल्ला हवा आहे, म्हणून हा धागा काढत आहे. येत्या हंगामात एफए कपच्या, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेच्या (एफए) बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या, अगदी पहिल्या फेरीतला एक सामना निवडायचा, त्यातल्या विजेत्याचा पुढच्या फेरीतला सामना पाहायला जायचे, तिथे जो जिंकेल त्याच्या मागे त्याच्याही पुढच्या फेरीला जायचे, आणि असे करत मे महिन्यात लंडनच्या वेम्बली मैदानावरच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचायचे, असा माझा बेत आहे. ही कल्पना माझी नव्हे. इथले हौशी प्रेक्षक असा प्रवास कितीतरी वर्षे करत आले आहेत. त्यात मला एवढीच भर घालायची आहे की या निमित्ताने आमच्या भागातल्या एका हॉस्पिससाठी, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या संस्थेसाठी, देणग्या गोळा कराव्यात. माझ्या एका स्नेह्यांचे शेवटचे तीन आठवडे तिथे गेले, आणि तिथल्या लोकांनी त्यांच्यासाठी जे केले ते मी पाहिले आहे.

ज्यांना या स्पर्धेची रचना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दूरचित्रवाणीवर आपण जो एफए कप पाहतो, तो जानेवारीतल्या तिसऱ्या फेरीपासून पाहतो, कारण प्रीमियर लीग आणि चॅम्पियनशिप या सर्वांत वरच्या दोन श्रेणींमधले ४४ क्लब तिथे स्पर्धेत येतात. त्याआधी ऑगस्टच्या आरंभी अतिरिक्त प्राथमिक फेरी होते, मग प्राथमिक फेरी, मग चार पात्रता फेऱ्या, आणि त्यानंतर कुठे ‘पहिली फेरी’ लागते. सगळ्या मिळून १४ फेऱ्या होतात. २०११-१२ च्या हंगामात तर ७६३ क्लबांनी भाग घेतला होता. अतिरिक्त प्राथमिक फेरीतले क्लब इंग्लिश फुटबॉलच्या उतरंडीत आठव्या-नवव्या पायरीवरचे असतात. तिथले खेळाडू आठवडाभर आपापली नोकरी करून शनिवारी मैदानात उतरतात, आणि प्रेक्षक कठड्याला टेकून, कधी गोलरक्षकाशी गप्पा मारत, सामना पाहतात.

एकाच क्लबची साथ धरली तर हा प्रवास बहुधा सप्टेंबरमध्येच आटोपेल. १९०१ मध्ये टॉटनहॅमने सदर्न लीगमध्ये असताना कप जिंकला होता. फुटबॉल लीग सुरू झाल्यानंतर लीगबाहेरच्या क्लबाने कप जिंकल्याचे ते एकमेव उदाहरण आहे. २०१६-१७ मध्ये लिंकन सिटी उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला, तेव्हा लीगबाहेरचा क्लब तिथवर येण्याला १०३ वर्षे लोटली होती. म्हणूनच विजेत्याच्या मागे जाण्याची पद्धत मला निधीसाठी योग्य वाटते. प्रवास १४ फेऱ्या चालणार हे आरंभीच ठरलेले असते, पण तो कुठून कुठे जाईल हे कोणालाच सांगता येत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. देणगी प्रत्येक गोलामागे मागावी, सामन्यामागे मागावी, की एकरकमी? प्रवासाचा आणि तिकिटांचा खर्च जमलेल्या निधीतून काढणे योग्य आहे का? आणि शेवटच्या तीन-चार फेऱ्यांची तिकिटे मिळवायची कशी?

कॉर्नर फ्लॅग

बेत आवडला. मी अशा प्रवासातल्या पाच फेऱ्या एका मित्राबरोबर केल्या आहेत, म्हणून एक गोष्ट अनुभवाने सांगतो. सर्वांत अवघड भाग प्रवासाचा नसून निष्ठा बदलण्याचा असतो. एखाद्या छोट्या क्लबाबरोबर दोन-तीन फेऱ्या काढल्या की तिथल्या चहाच्या खिडकीवरच्या बाई तुम्हाला ओळखू लागतात, क्लबचे सचिव हात हलवतात, तुम्ही नकळत ‘आपण’ असे बोलू लागता. मग एका शनिवारी तो क्लब हरतो, आणि नियमाप्रमाणे तुम्हाला त्यांना निरोप देऊन, ज्यांनी त्यांना हरवले त्यांच्याच गावची वाट धरावी लागते. पहिल्यांदा हे केले तेव्हा मला सरळसरळ फितुरी केल्यासारखे वाटले होते.

निधीच्या दृष्टीने मात्र हीच जमेची बाजू आहे. क्लब बदलला की नवे प्रेक्षक, नवे गाव आणि नवा देणगीदारवर्ग मिळतो. प्रत्येक क्लबाच्या सचिवांना सामन्याच्या आठवडाभर आधी पत्र लिहा, आपण कोण आणि कशासाठी येत आहोत ते सांगा, आणि मैदानात डबा फिरवण्याची परवानगी मागा. छोटे क्लब सहसा नाही म्हणत नाहीत. पण मध्यंतरात त्यांची स्वतःची लकी ड्रॉची तिकिटे विकली जात असतात, आणि त्या चार पैशांवर त्यांचे मैदान चालते, हे लक्षात ठेवा. त्याच वेळी आपला डबा पुढे करू नये. सामना सुटल्यावर फाटकापाशी उभे राहावे.

जमाखर्च

तिन्ही प्रश्न पैशांशी निगडित असल्याने जरा विस्ताराने लिहितो.

गोलामागे देणगी ऐकायला छान वाटते, पण कप स्पर्धेत ती धोक्याची आहे. १५ ऑक्टोबर १८८७ रोजी प्रेस्टन नॉर्थ एंडने हाइडचा २६-० असा पराभव केला होता. आज एवढा फरक पडणार नाही हे खरे, तरी सुरुवातीच्या फेऱ्यांत सात-आठ गोलांचे सामने होतात. ज्याने उत्साहाच्या भरात गोलामागे ५ पाउंड कबूल केले, त्याला पहिल्याच शनिवारी ४० पाउंडांचा हिशोब गेला, तर दुसऱ्या शनिवारपासून तो तुमचे निरोप वाचणार नाही. उलट बाजूने, बाद फेरीत दोन्ही संघ सावध खेळून ०-० वर थांबले, तर तुम्ही दीडशे मैल जाऊन रिकाम्या हाताने परतता. शिवाय दहा महिन्यांनी प्रत्येकाकडून वसुली करणे हे वेगळेच काम होऊन बसते. मी असे सुचवीन की फेरीमागे ठरलेली रक्कम घ्यावी, म्हणजे १४ फेऱ्यांची बेरीज देणगीदाराला पहिल्याच दिवशी कळेल. गोलांची गंमत हवीच असेल, तर त्यावर कमाल मर्यादा घालावी.

देणगी घेताना गिफ्ट एडचा विचार आधी करा. ब्रिटनमध्ये आयकर भरणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या पैशांतून देणगी दिली आणि तसे घोषणापत्र भरले, तर संस्थेला प्रत्येक पाउंडामागे सरकारकडून आणखी २५ पेन्स मिळतात, म्हणजे १० पाउंडांचे साडेबारा होतात. त्यासाठी देणगीदाराचे नाव आणि घरचा पत्ता लागतो. कंपनीच्या पैशांवर किंवा ब्रिटनमध्ये कर न भरणाऱ्या परदेशस्थ मित्रांच्या देणगीवर हा लाभ मिळत नाही. डब्यात पडणाऱ्या सुट्ट्या पैशांसाठी वेगळी योजना आहे. ३० पाउंडांपर्यंतच्या छोट्या रोख देणग्यांवर संस्थेला घोषणापत्राशिवायही अशीच भर मागता येते, मात्र त्यासाठी वर्षाला एकूण ८,००० पाउंडांच्या देणग्यांची मर्यादा आहे. तुमच्या हॉस्पिसची ती मर्यादा आधीच भरली आहे का, हे त्यांच्याकडून विचारून घ्या.

आता खर्चाबद्दल. माझ्या मते तो पूर्णपणे स्वतःच्या खिशातून करावा, आणि तसे पहिल्याच पानावर स्पष्ट लिहावे. तुम्ही फुटबॉल पाहायला जाणार आहात, तो तुमचा छंद आहे. देणगीदाराने तुमच्या छंदाचे पैसे द्यावेत अशी अपेक्षा असेल, तर तेही उघडपणे सांगायला हवे, आणि मग देणग्या किती येतात ते पाहावे.

शंकेखोर

मनात आले ते लिहितो, राग नसावा. १४ सामने, त्यांची तिकिटे, रेल्वेचे भाडे, कदाचित दोन-तीन मुक्काम, असा सगळा खर्च धरला तर तुम्ही बरेच पैसे घालवणार आहात. तेच पैसे सरळ हॉस्पिसला दिले तर काय बिघडेल? दहा महिने लोकांना फुटबॉलच्या गोष्टी सांगून त्यांच्याकडून पैसे काढणे ही मला थोडी आडवळणाची समाजसेवा वाटते.

पायवाट (धागाकर्ता)

शंकेखोर, राग नाही. हा प्रश्न मीही स्वतःला विचारला आहे. मी फुटबॉल तसाही पाहणारच आहे, एवढे प्रामाणिक उत्तर देऊन ठेवतो. खर्चाइतकी रक्कम मी स्वतः पहिली देणगी म्हणून देणार आहे. त्यापलीकडे जे जमेल, ते या प्रवासाशिवाय जमलेच नसते. एकदाच मागितलेली देणगी एकदाच मिळते आणि विसरली जाते. दर दोन-तीन आठवड्यांनी सोडत निघते, नवा प्रतिस्पर्धी ठरतो, आणि त्या निमित्ताने हॉस्पिसचे नाव पुन्हा लोकांपुढे येते. खर्च निधीतून काढायचा नाही, हे जमाखर्च यांच्या प्रतिसादानंतर पक्के ठरवले आहे.

चौथा पंच

कायद्याच्या बाजूने तीन गोष्टी लिहितो, कारण चांगल्या हेतूने केलेल्या उपक्रमांत लोक नेमके इथेच अडकतात.

पहिली गोष्ट स्वीपस्टेकची. तिसऱ्या फेरीत ६४ क्लब उरतात, त्यांच्या चिठ्ठ्या टाकून पाच-पाच पाउंडांना विकाव्यात आणि निम्मी रक्कम विजेत्याला व निम्मी संस्थेला द्यावी, ही कल्पना तुम्हाला कोणीतरी सुचवीलच. ग्रेट ब्रिटनमध्ये ही लॉटरी ठरते आणि तिला २००५ चा जुगारविषयक कायदा लागू होतो. एकाच कार्यालयातल्या सहकाऱ्यांपुरती ती परवान्याशिवाय चालते, आणि २०१६ पासून अशा लॉटरीतून धर्मादाय संस्थेसाठी पैसेही उभारता येतात. पण तिची जाहिरात कार्यालयाबाहेर करता येत नाही, म्हणजे या धाग्यावर चिठ्ठ्या विकणे त्यात बसत नाही. एखाद्या कार्यक्रमाच्या जागी लकी ड्रॉ ठेवायचा असेल, तर परवाना लागत नाही, मात्र जमलेल्या पैशांतून बक्षिसांसाठी ५०० पाउंडांपेक्षा आणि आयोजनाच्या खर्चासाठी १०० पाउंडांपेक्षा जास्त वळते करता येत नाहीत. सर्वसामान्य लोकांना तिकिटे विकायची असतील, तर संस्थेची स्थानिक प्रशासनाकडे छोट्या लॉटरीसाठी नोंदणी हवी. आणि लॉटरीच्या तिकिटावर गिफ्ट एड मिळत नाही, कारण तिकीट घेणारा देणगी देत नसतो, तो बक्षिसाची संधी विकत घेत असतो.

दुसरी गोष्ट डब्याची. मैदानात मालकाची, म्हणजे क्लबाची, परवानगी पुरते. फाटकाबाहेरच्या रस्त्यावर उभे राहिलात की स्थानिक प्रशासनाचा परवाना लागतो. कॉर्नर फ्लॅग यांनी फाटकापाशी उभे राहा म्हटले आहे, ते फाटकाच्या आतल्या बाजूला, असे वाचावे.

तिसरी गोष्ट तिकिटांची. १९९४ च्या फौजदारी कायद्याच्या १६६ व्या कलमाने फुटबॉल सामन्याचे तिकीट अधिकृत परवानगीशिवाय विकणे हा गुन्हा आहे. त्यामुळे उपांत्य किंवा अंतिम सामन्याचे तिकीट कोणाकडून चढ्या भावाने घेऊ नका, आणि ‘माझे जादा तिकीट लिलावात काढून पैसे हॉस्पिसला देतो’ असाही मोह धरू नका. हेतू कितीही चांगला असला तरी ती अनधिकृत विक्रीच ठरते.

कॉर्नर फ्लॅग

चौथा पंच यांची दुरुस्ती मान्य. आतल्याच बाजूला.

तिकिटांबद्दल माझी भर. तिसऱ्या फेरीपर्यंत फारशी अडचण येऊ नये. त्यानंतर मोठ्या क्लबांच्या घरच्या सामन्यांसाठी सदस्यत्व आणि आधीच्या खरेदीची नोंद पाहिली जाते. पाहुण्या क्लबाच्या वाट्याचीही तीच रड आहे. उपांत्य फेरीचे दोन्ही सामने २००८ पासून वेम्बलीवर होतात आणि तिथे ९०,००० आसने आहेत, म्हणून त्या फेरीत थोडी आशा असते. अंतिम सामन्यासाठी मात्र ज्या क्लबाच्या मागे तुम्ही तिथवर आलात, त्याला महिनाभर आधी पत्र लिहून विनंती करणे एवढाच मार्ग मला दिसतो. तिकीट नाहीच मिळाले, तर सामना मैदानाबाहेर पाहिला असे खुशाल लिहावे. देणगीदार त्यासाठी पैसे परत मागत नाहीत.

जुनी पाने

चर्चा हिशोबाकडे वळली आहे, म्हणून या स्पर्धेच्या इतिहासातली एक गोष्ट आठवते. हंगामाच्या आरंभी लीगचा विजेता आणि कपचा विजेता यांच्यात जो सामना होतो, त्याला आज कम्युनिटी शील्ड म्हणतात. त्याचे मूळ १८९८ च्या शेरिफ ऑफ लंडन चॅरिटी शील्डमध्ये आहे. एक व्यावसायिक आणि एक हौशी संघ एकमेकांशी खेळत आणि उत्पन्न रुग्णालये व धर्मादाय संस्थांना जात असे. १९०८ पासून एफए चॅरिटी शील्ड सुरू झाली. १९१२ च्या सामन्यात ब्लॅकबर्न रोव्हर्सने क्वीन्स पार्क रेंजर्सला २-१ ने हरवले, आणि त्याचे उत्पन्न टायटॅनिक दुर्घटनेच्या मदतनिधीला देण्यात आले.

मग नाव का बदलले? तिकिटाच्या पैशांतला किती भाग धर्मादाय कामाला जातो हे स्पष्ट केले जात नव्हते, आणि संस्थांना पैसे पोहोचायला उशीर होत होता, असा ठपका चॅरिटी कमिशनने, म्हणजे धर्मादाय संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने, ठेवला आणि २००२ पासून ‘कम्युनिटी शील्ड’ हे नाव आले. एवढ्या जुन्या आणि मोठ्या संघटनेचेही असे झाले. आता त्या सामन्याचे उत्पन्न एफए कपच्या पहिल्या फेरीपासून पुढे खेळलेल्या १२४ क्लबांना वाटले जाते, आणि ते आपापल्या पसंतीच्या कामाला देतात. म्हणजे पायवाट यांच्या प्रवासात नोव्हेंबरपासून पुढे भेटणारा प्रत्येक क्लब या साखळीत असेलच. त्यांच्या सचिवांना लिहिताना याचा उल्लेख करायला हरकत नाही.

शंकेखोर

मी आधी घेतलेला आक्षेप अर्धा मागे घेतो. जानेवारी २०२१ मधला मरीन विरुद्ध टॉटनहॅम हा सामना आठवला. मरीन आठव्या पायरीवरचा क्लब, सामना तिसऱ्या फेरीतला, आणि साथीमुळे मैदानात प्रेक्षकांना बंदी. आयुष्यात एकदा येणाऱ्या सामन्याचे उत्पन्न बुडणार होते. क्लबाने १० पाउंडांना आभासी तिकीट विकायला काढले, ज्याने मैदानात प्रवेशच मिळणार नव्हता, आणि ३०,००० हून अधिक लोकांनी ते घेतले. त्यांत टॉटनहॅमचे समर्थकही मोठ्या संख्येने होते. सामना ५-० ने गेला, पण क्लब तरला. ते धर्मादाय काम नव्हते हे खरे, आणि त्यात लकी ड्रॉचे आमिषही होते. तरी सरळ ‘क्लबाला देणगी द्या’ म्हटले असते तर तेवढे पैसे आले असते असे मला वाटत नाही. कपच्या सोडतीने एक गोष्ट हातात दिली आणि लोकांनी त्या गोष्टीत वाटा घेतला. उरलेला अर्धा आक्षेप कायम आहे: ती गोष्ट क्लबाची स्वतःची होती, तुमची गोष्ट हॉस्पिसची आहे. फुटबॉल लिहिता लिहिता हॉस्पिस मागे पडू देऊ नका.

जमाखर्च

शंकेखोर यांच्या शेवटच्या वाक्याशी सहमत. पायवाट, प्रत्येक सामन्याच्या वृत्तांताखाली आजवरची एकूण रक्कम, त्यातली संस्थेकडे जमा झालेली रक्कम आणि तारीख, अशा तीन नोंदी ठेवा. पैसे स्वतःच्या खात्यात साठवू नका. ऑनलाइन देणगी थेट संस्थेच्या पानावर जाऊ द्या, आणि डब्यातले पैसे दुसऱ्या माणसासमोर मोजून त्याच आठवड्यात पोहोचवा. हॉस्पिसकडून लेखी संमतीपत्र आणि शिक्का लावलेले डबे मागून घ्या. सील तोडणे त्यांच्याकडेच होऊ द्यावे.

पायवाट (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. ठरले ते असे: फेरीमागे ठरावीक देणगी, गोलामागे ऐच्छिक आणि सामन्याला जास्तीत जास्त पाच गोलांपर्यंत, खर्च माझा, लॉटरी अजिबात नाही. हॉस्पिसने संमतीपत्र आणि शिक्का लावलेले दोन डबे दिले आहेत. सुरुवातीच्या फेऱ्यांची सोडत प्रादेशिक असल्याने पहिले दोन-तीन सामने घरापासून तासाभराच्या अंतरावर सापडतील. फेरसामन्यांचा प्रश्नही मनात होता. १९७१-७२ मध्ये अल्व्हचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी यांच्यातली चौथ्या पात्रता फेरीतली लढत सहा सामने आणि ११ तास चालली होती. तसे घडते तर माझी रजाच संपली असती. २०२४-२५ पासून पहिल्या फेरीपासून पुढचे फेरसामने बंद झाले आहेत, म्हणजे निदान थंडीतल्या मंगळवारच्या रात्री वाचल्या.

पायवाट (धागाकर्ता), अतिरिक्त प्राथमिक फेरीनंतर

पहिला सामना पाहून आलो. यजमान नवव्या पायरीवरचे, पाहुणे आठव्या. यजमानांनी आधी गोल केला, पाहुण्यांनी उत्तरार्धात तीन. गोलांचा हिशोब चार, म्हणजे मर्यादेच्या आत. यजमानांच्या सचिवांनी ध्वनिक्षेपकावरून हॉस्पिसचे नाव दोनदा घेतले, आणि त्यांची स्वतःची तिकिटे विकून झाल्यावर मला आत बोलावून डबा थेट क्लबहाउसच्या टेबलावर ठेवायला सांगितले. कॉर्नर फ्लॅग, तुम्ही म्हणालात ते पहिल्याच दिवशी घडले: मी मनातून यजमानांच्या बाजूचा झालो होतो.

सामना संपल्यावर यजमानांचा एक वयस्कर समर्थक डब्यापाशी आला. त्याच्या पत्नीलाही अशाच एका हॉस्पिसमध्ये ठेवले होते, एवढेच बोलला, आणि १० पाउंडांची नोट घडी करून आत सरकवली. मग पुढचा सामना कुठे आहे असे विचारले. पाहुण्यांच्या मैदानावर, दोन आठवड्यांनी, असे मी सांगितले. ‘त्यांना पाहायला मी काही येत नाही,’ असे म्हणून तो निघून गेला.

डबा सोमवारी हॉस्पिसमध्ये देईन. आकडा तिथे मोजून झाला की इथे लिहितो.